पत्र्याची घरघर कशी थांबवतात? व्हिस्कोइलॅस्टिक डॅम्पिंग थर, कूलरपासून रेल्वे डब्यापर्यंत

नांदेडला आमच्या घरी लोखंडी पत्र्याचा कूलर आहे. गल्लीतल्या फॅब्रिकेटरने बनवून दिलेला, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, मागे एक्झॉस्ट पंखा. एप्रिल-मेमध्ये तो नसला तर झोप लागत नाही, आणि असला तरी पहिले काही दिवस लागत नाही, कारण चालू केला की सगळी बॉडी गुणगुणते. वडील त्याच्यावर एक पाट आणि पाटावर वरवंटा ठेवतात. आवाज थोडा कमी होतो. वरवंटा दोन इंच सरकला की परत सुरू.

वरवंटा ठेवल्यावर आवाज का कमी होतो, आणि सरकल्यावर का परत येतो, हे नीट कळलं की या लेखाचा अर्धा विषय कळला. उरलेला अर्धा म्हणजे वरवंट्याच्या जागी दोन मिलिमीटरचा चिकट थर लावला तर तो जास्त चांगलं काम का करतो. गाडीच्या दारात, वॉशिंग मशीनच्या आतल्या बाजूला, हार्ड डिस्कच्या झाकणावर आणि रेल्वेच्या डब्यात हाच थर असतो. लातूरजवळ हरंगुळला आता रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना आहे, त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार लांबचा राहिलेला नाही.

आधी ताट वाजवून बघा

स्टीलचं ताट कडेला दोन बोटांत धरून चमच्याने ठोका. "टणणण" असा आवाज येतो आणि एक-दोन सेकंद रेंगाळतो. आता ताटाच्या मध्यावर तळहात टेकवून ठोका. "ठप्प." हाताने ताट जड झालं म्हणून असं झालं नाही. हाताच्या मांसल भागाने ताटाची कंपनाची ऊर्जा खाल्ली आणि तिची अगदी किंचित उष्णता केली. याला डॅम्पिंग म्हणतात. भजनातले टाळ मोकळे वाजवले की घुमतात आणि हाताने धरले की दबतात, तेही हेच.

एखाद्या वस्तूत डॅम्पिंग किती आहे हे मोजायला 'लॉस फॅक्टर' नावाचा आकडा वापरतात. नुसत्या पोलादाचा लॉस फॅक्टर ०.००१ किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे एका हेलकाव्यात पोलाद जेमतेम ०.६ टक्के ऊर्जा गमावतं, बाकीची पुढच्या हेलकाव्याला शिल्लक. हाच आकडा ०.१ केला तर एका हेलकाव्यात जवळपास निम्मी ऊर्जा जाते.

आवाज विझायला किती वेळ लागेल याचं एक सोपं सूत्र आहे: २.२ भागिले (वारंवारता गुणिले लॉस फॅक्टर). इथे विझणं म्हणजे कंपन हजारपट लहान होणं. ताट १,००० हर्ट्झला वाजतंय आणि लॉस फॅक्टर ०.००१ आहे असं धरलं तर उत्तर येतं २.२ सेकंद. लॉस फॅक्टर ०.१ केला तर ०.०२२ सेकंद. कानाला पहिलं "टणणण" वाटतं, दुसरं "ठप्प".

पण कूलरला कोणी चमच्याने ठोकत नाही. त्याला पंखा सतत ढकलत असतो. इथे दुसरी गोष्ट येते ती म्हणजे अनुनाद, म्हणजे रेझोनन्स. प्रत्येक पत्र्याच्या काही आवडत्या वारंवारता असतात. झोका जसा योग्य वेळी थोडाथोडा ढकलला की वाढत जातो, तसं पंख्याचं किंवा मोटरचं ढकलणं पत्र्याच्या आवडत्या वारंवारतेशी जुळलं की पत्रा वाढत्या जोराने थरथरतो. किती वाढेल? ढोबळमानाने १ भागिले लॉस फॅक्टर. सांध्या-रिव्हेटांमुळे प्रत्यक्षातल्या पत्र्याच्या पेटीचा लॉस फॅक्टर ०.०१ च्या आसपास पोचतो, म्हणजे कंपन शंभरपट वाढू शकतं. तो ०.१ केला तर दहापटीवर थांबतं. अनुनादाच्या जागी हा सरळ दहापट फरक आहे, डेसिबलमध्ये २०.

आता वरवंटा. त्याने पत्र्यावर वजन वाढलं, पत्र्याची आवडती वारंवारता सरकली आणि पंख्याशी जुळणी तुटली. पाटाने थोडी घासाघीस केली, तेवढं डॅम्पिंगही मिळालं. वरवंटा सरकला की वारंवारता परत जागेवर येते. म्हणजे वडील अनुनाद मारत नव्हते, फक्त त्याला दुसरीकडे हाकलत होते. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात तेही मुख्यतः वजन वाढवून स्वर खाली आणण्यासाठीच. हे तंत्र जुनं आणि चांगलं आहे, पण यंत्राचा वेग बदलत असेल तर कुठेतरी परत गाठ पडतेच.

चिक्कीचा पाक

'व्हिस्कोइलॅस्टिक' हा शब्द अवघड वाटतो, पण अर्थ साधा आहे: थोडा स्प्रिंगसारखा, थोडा काकवीसारखा. स्प्रिंग दाबली की ऊर्जा साठवते आणि सोडली की परत देते. काकवी ढवळली तर काहीच परत देत नाही, सगळी ऊर्जा घर्षणात जाते. पण काकवी आकार धरून राहत नाही, म्हणून ती पत्र्याला लावता येत नाही. रबर, ब्यूटाइल, डांबराची संस्कारित पट्टी, अ‍ॅक्रिलिक पॉलिमर हे पदार्थ दोन्हींच्या मधले. आकार धरतात आणि दर हेलकाव्याला ऊर्जेचा मोठा वाटा खातात.

सायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये ब्यूटाइल रबर वापरतात कारण त्यातून हवा झिरपत नाही. त्याचा दुसरा गुण कमी लोकांना माहीत असतो. ब्यूटाइलचा चेंडू करून खोलीच्या तापमानाला जमिनीवर आपटला तर तो जवळजवळ उडतच नाही. आपटण्याची ऊर्जा त्याने पोटात घातलेली असते. पत्र्याला नेमका असाच पदार्थ हवा.

या पदार्थांचा स्वभाव मात्र तापमानावर ठरतो. संक्रांतीला आई चिक्कीसाठी गुळाचा पाक करते तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. पातेल्यात गरम असताना पाक वाहतो. ताटात ओतून पूर्ण गार झाला की काचेसारखा टणक होतो आणि कडकन मोडतो. या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ असा असतो की तो ओढला तर तार धरतो आणि सोडला तर सावकाश सैल पडतो. पॉलिमरचंही तसंच. फार गार असेल तर काचेसारखा: कडक, पण ऊर्जा खात नाही. फार गरम असेल तर मऊ, आणि तेव्हाही फारशी खात नाही. मधल्या पट्ट्यात डॅम्पिंगचं शिखर असतं. डॅम्पिंगचा थर निवडणं म्हणजे आपल्या कामाचं तापमान या शिखराखाली येईल असा पदार्थ शोधणं.

वारंवारतेचंही तसंच आहे, फक्त उलट्या दिशेने. फार भराभर हलवलं तर पदार्थाला साखळ्या सरकवायला वेळ मिळत नाही आणि तो गार असल्यासारखा कडक वागतो. सावकाश हलवलं तर गरम असल्यासारखा मऊ. तापमान आणि वारंवारता यांची ही अदलाबदल विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी १९५५ साली एका समीकरणात बसवली. आजही कंपन्या काही तापमानांना चाचण्या करून त्याच समीकरणाने बाकीचा आलेख काढतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा दोन चलांचा टेबल एका चलात दाबण्याचा प्रकार आहे, आणि मला तो शिकताना फार आवडला होता.

उघडा थर आणि सँडविच

थर लावायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचं वागणं बरंच वेगळं आहे.

पहिली पद्धत: पत्र्यावर नुसता थर चिकटवायचा. पत्रा वाकला की वरचा थर ताणला जातो, उलट वाकला की दाबला जातो. त्या ताण-दाबात ऊर्जा जाते. याचं गणित जर्मनीत हेर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडलं, म्हणून चाचणीच्या पट्टीला आजही 'ओबर्स्ट बार' म्हणतात. या पद्धतीला जाडी लागते. थर पातळ असेल तर जवळजवळ काही होत नाही, आणि जाडी दुप्पट केली तर फायदा दुपटीहून जास्त, कधी चौपटीच्या आसपास वाढतो. शिवाय पदार्थ बऱ्यापैकी कडक हवा, नुसता मऊ रबर चालत नाही. स्पंज चिकटवून तर काहीच होत नाही. हे ठळक सांगतोय, कारण बरेच जण पत्र्याच्या आत फोम चिकटवतात आणि "फरक पडला नाही" म्हणतात. फोम हवेतला आवाज थोडा शोषतो, पत्र्याचं हलणं थांबवत नाही.

दुसरी पद्धत सँडविचची. पत्रा, त्यावर मऊ व्हिस्कोइलॅस्टिक थर, आणि त्यावर परत एक पातळ पण ताठ पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. शंभर पानी वही घ्या आणि वाकवा. कडेला पानं एकमेकांवर सरकलेली दिसतील. आता विचार करा की प्रत्येक पानामध्ये ओला डिंक आहे. वाकवताना सरकणं होणारच, पण डिंक त्याला विरोध करणार आणि ऊर्जा खाणार. सँडविचमध्ये हेच होतं. खालचा पत्रा वाकतो, वरची पट्टी ताणली जायला तयार नसते, म्हणून मधला मऊ थर तिरका ओढला जातो. या कातर-ताणात ऊर्जा फार वेगाने खर्च होते. १९५९ मध्ये अमेरिकेत कर्विन यांनी आणि त्यांच्यासोबत रॉस व उंगार यांनी याचं गणित दिलं. आजही सुरुवातीचा हिशोब त्यानेच करतात.

सँडविचचा मोठा फायदा वजनात आहे. पोलादाचा १ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. त्यावर ३ मिलिमीटरचा उघडा थर लावायचा तर पदार्थाची घनता पाण्याच्या दीडपट धरून चौरस मीटरला ४.५ किलो वाढतात. सँडविचमध्ये मधला थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असून चालतो.

पण त्याच्या नखऱ्याही जास्त. मधला थर फार कडक असेल तर सरकणंच होत नाही, फार मऊ असेल तर सरकतो पण विरोध करत नाही. म्हणजे तापमान चुकलं की उघड्या थरापेक्षा सँडविच जास्त लवकर निकामी होतं. आणि वरची पट्टी खरोखर ताठ हवी. बाजारातल्या ब्यूटाइल शीटवर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. तो पापुद्रा इतका पातळ असेल की नखाने सुरकुती पडते, तर तो सँडविचचं काम नीट करू शकत नाही. शोभेचाच म्हणा.

मे महिना

इंटरनेटवर या विषयाचे बहुतेक लेख थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेले आहेत. उत्पादनाच्या पत्रकावर लॉस फॅक्टर अनेकदा २० अंश सेल्सिअसचा छापलेला असतो. नांदेडला मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ ला टेकतो आणि उन्हातला पत्रा ६० च्या वर सहज जातो. २० अंशांना शिखरावर असलेला पदार्थ ६० अंशांना उतारावरून पार खाली आलेला असतो.

डांबराचं उदाहरण घ्या. रस्त्यासाठी आपल्याकडे व्हीजी-३० दर्जाचं डांबर वापरतात. भारतीय मानकानुसार त्याचा मृदूकरण बिंदू किमान ४७ अंश असावा लागतो. म्हणजे हे डांबर छताच्या पत्र्याला लावलं तर मे महिन्यात दुपारी ते डॅम्पिंग करण्याऐवजी ओघळायला लागेल. गाड्यांच्या तळाला लावायच्या डांबरी पट्ट्यांत भुकटी आणि पॉलिमर मिसळून हा बिंदू वर नेलेला असतो. तरीही स्वस्त पट्टी आणि साधं डांबर यांत फरक किती, हे दुकानात बघून कळत नाही. गाडीच्या दारात स्वस्त शीट लावून घेतलेल्या ओळखीच्या एकाला उन्हाळ्यात दाराच्या खालच्या फटीतून काळे ओघळ आलेले मी बघितलेत. पाणी बाहेर जायची भोकंही त्यात बुजली होती, मग पावसाळ्यात गंज.

त्यामुळे विकत घेताना एकच प्रश्न विचारा: ४० अंशांना आणि ६० अंशांना लॉस फॅक्टर किती? एएसटीएम ई-७५६ या चाचणीचा आलेख असेल तर त्यात हे असतंच. दुकानदाराकडे नसेल, ठीक आहे, पण कंपनीच्या पत्रकातही नसेल तर "मिलिटरी ग्रेड" वगैरे शब्दांवर जाऊ नका.

कूलर या बाबतीत नशीबवान आहे. त्याच्या आत पाणी पडत असतं, पत्रा गार राहतो. छताच्या पत्र्याला जो पदार्थ चालणार नाही तो कूलरच्या आतल्या बाजूला चालून जातो.

हरंगुळचा कारखाना आणि धावत्या डब्याची अडचण

लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या १,९२० डब्यांच्या कंत्राटासाठी रेल विकास निगम आणि रशियाची टीएमएच यांच्या संयुक्त कंपनीने हाच कारखाना निवडला आहे. स्लीपर म्हणजे लोक रात्री त्यात झोपणार. बसून प्रवास करताना जो आवाज आपण सहन करतो तो उशीला कान लावल्यावर वेगळाच ऐकू येतो.

रेल्वेचा डबा म्हणजे पातळ पत्र्याची लांबलचक पेटी. आता तिला कोण ढकलतं ते बघा. आपल्याकडे मुख्य मार्गांवर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात (रुळाखालचे, झोपायचे नाहीत), म्हणजे दर ६० सेंटिमीटरला एक. स्लीपरवर रूळ थोडा ताठ, दोन स्लीपरच्या मध्ये थोडा लवचिक. चाक प्रत्येक स्लीपर ओलांडताना एक बारीक धक्का बसतो. गाडी ताशी ११० किलोमीटरने म्हणजे सेकंदाला ३०.६ मीटरने जात असेल तर असे सेकंदाला ५१ धक्के. ताशी १३० ला ६०. ताशी १६० ला ७४. चाकाचा खडबडीतपणा, मोटर, वातानुकूलन यंत्राचे पंखे यांचे धक्के वेगळे.

यातच वरवंट्याचा उपाय हरतो. कूलरचा पंखा एकाच वेगाने फिरतो, त्यामुळे पत्र्याची वारंवारता सरकवली की सुटका. गाडी मात्र स्टेशनातून सुटल्यापासून पूर्ण वेग घेईपर्यंत सगळ्या वारंवारतांमधून जाते. डब्याच्या शेकडो पत्र्यांपैकी कोणाची ना कोणाची आवडती वारंवारता वाटेत लागणारच. एकाला चुकवायला जावं तर दुसरा सापडतो. म्हणून इथे वारंवारता हलवण्याऐवजी शिखरच बुटकं करावं लागतं, आणि ते काम डॅम्पिंगचं.

जर्मनीच्या लिंके हॉफमन बुश कंपनीच्या रचनेचे एलएचबी डबे आपण सगळ्यांनी वापरलेत. त्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्याला आतून आवाज दाबणारा जाड लेप दिलेला असतो. आपण बघतो ती आतली गुळगुळीत भिंत वेगळी, लेप तिच्या मागे. रेल्वेत लेप निवडताना अजून एक अट असते जी कूलरला नाही: आग. डांबर जळतं आणि धूर करतं. प्रवासी डब्यात ते चालत नाही. म्हणून पाण्यात कालवलेले पॉलिमरचे लेप वापरतात, जे इएन ४५५४५ सारख्या अग्निसुरक्षा मानकात बसतात. डॅम्पिंगचा आकडा कितीही चांगला असला तरी या परीक्षेत नापास झालेला पदार्थ बाद. शिवाय प्रत्येक किलो वजन आयुष्यभर ओढायचं असतं, त्यामुळे सगळीकडे सरसकट जाड थर देता येत नाही.

एक गैरसमज इथे दूर करतो. डब्यात झोपल्यावर जे हेलकावे बसतात, डावी-उजवीकडे झुलणं, वळणावरचा धक्का, त्यांच्याशी या लेपाचा काही संबंध नाही. ते सेकंदाला एक-दोनदा होणारं हलणं असतं आणि ते बोगीतल्या स्प्रिंगा आणि तेलाचे डॅम्पर सांभाळतात. लेप फक्त पत्र्याच्या थरथरीसाठी, म्हणजे ढोबळमानाने काही दशक हर्ट्झपासून वरच्या आवाजासाठी.

"मग घराखाली रबर टाकलं तर?"

हा प्रश्न शेजारच्या काकांनी मला २०२४ मध्ये विचारला. त्या वर्षी २१ मार्चला आणि १० जुलैला सकाळी-सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. नांदेडमध्ये मांडणीवरची भांडी वाजली आणि लोक रस्त्यावर आले. लातूरकडच्या घरांत अशा वेळी कोणी ना कोणी ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण काढतोच. किल्लारीच्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती, वेळ पहाटे चारच्या जरा आधीची, आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. काकांचे मामा औसा तालुक्यातले, त्यामुळे त्यांचा प्रश्न गंमतीचा नव्हता.

त्यांना दिलेलं उत्तर इथेही देतो. इमारतींत व्हिस्कोइलॅस्टिक डॅम्पर वापरतात हे खरं आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन्ही मनोऱ्यांत प्रत्येकी सुमारे १०,००० डॅम्पर होते. पोलादी पट्ट्यांच्या मध्ये पॉलिमरचे थर, म्हणजे आपलं सँडविचच, फक्त मोठं. ते वाऱ्याने होणारं झुलणं कमी करण्यासाठी होते, म्हणजे वरच्या मजल्यांवरच्या माणसांना मळमळू नये म्हणून. पुढे भूकंपासाठीही असे डॅम्पर चौकटीच्या तिरक्या आधारांमध्ये बसवले जाऊ लागले. पण यासाठी इमारतीला चौकट असावी लागते, जी झुलते आणि झुलताना डॅम्परला ओढते.

किल्लारी परिसरातली घरं झुलून पडली नाहीत. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, त्यांच्यावर लाकडी तुळया आणि मातीचं जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती, त्या फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. तिथे डॅम्पिंग कमी होतं ही अडचणच नव्हती, सांधणी नव्हती ही होती. अशा घराला हवेत भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा, आणि डोक्यावरचं हलकं छप्पर. त्याच्यासाठी रबराचा एक तुकडाही लागत नाही.

आरसीसी इमारतीचा हिशोब करताना आपलं भूकंप मानक ५ टक्के डॅम्पिंग धरतं. लॉस फॅक्टरच्या भाषेत हे ०.१ होतं, म्हणजे तडे, सांधे, विटांच्या भिंती या सगळ्यांच्या घासाघीशीतून इमारतीला मुळातच पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त डॅम्पिंग मिळालेलं असतं. दोन-तीन मजली घरात वेगळा डॅम्पर बसवण्यापेक्षा कॉलममधल्या रिंगा योग्य अंतरावर आणि नीट वाकवून बांधल्या आहेत की नाही हे स्लॅब पडायच्या आधी बघणं केव्हाही जास्त कामाचं. भुजला २००१ नंतर बांधलेल्या जिल्हा रुग्णालयाखाली शिसं आणि रबराचे आधार आहेत, पण ते इमारतीला जमिनीपासून सोडवण्याचं तंत्र आहे, वेगळा विषय, आणि ते तयार घराखाली सरकवता येत नाही.

काकांना हे फारसं आवडलं नाही. पण त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या बांधकामाला मिस्त्रीकडे रिंगांबद्दल विचारलं, एवढं मला माहीत आहे.

घरी करायचं असेल तर

आधी दोष कुठे आहे ते शोधा. फोनमध्ये फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप टाका, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे. त्यात माइकवरून आवाजाचा वर्णपट दिसतो. कूलरमध्ये दोन-तीन ठिकाणी शिखरं दिसतील. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरचा आणि पंपाचा चुंबकीय गुणगुणाट १०० हर्ट्झला येतो. चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २३. पात्यांचा आवाज याच्या पटीत: तीन पाती असतील तर ७०, चार असतील तर ९३ च्या आसपास.

२३ हर्ट्झचं शिखर मोठं असेल तर पंख्याचा तोल गेलाय. इथे डॅम्पिंगचा थर लावून पैसे घालवू नका. हे अनुनादाचं नाही, सरळ ढकलण्याचं कंपन आहे, आणि अनुनादापासून लांब असताना डॅम्पिंग जवळजवळ काहीच करत नाही. पातं वाकलंय का, धूळ एकाच पात्यावर साचलीय का, बुश झिजलाय का ते बघा. पंपाचा १०० हर्ट्झ असेल तर पंपाखाली रबर द्या, तो टाकीला टेकू देऊ नका.

पत्रा हाताने दाबल्यावर आवाज पडत असेल, तर मात्र तो थराचा उमेदवार. पत्र्याच्या मध्यावर कंपन सगळ्यात जास्त असतं, कडेला स्क्रूपाशी कमी. म्हणून पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला तिसरा हिस्सा ते अर्धा भाग पुरे होतो. पत्रा आधी घासून, थिनरने पुसून, पूर्ण वाळवून घ्यायचा. गंजावर किंवा तेलकट पत्र्यावर लावलेला थर आठवड्यात सुटतो, आणि सुटलेला थर स्वतःच फडफडतो.

मी गळक्या छताला लावतात ती ब्यूटाइलची पट्टी वापरली, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. तिच्यावरचा पापुद्रा पातळच होता, म्हणून त्यावर एका जुन्या साइनबोर्डचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा कापून दाबून बसवला आणि वरून लाटणं फिरवलं. हवेचे फुगे राहिले तर तिथे सँडविच तुटतं, म्हणून लाटणं जोर लावून फिरवायचं. बाजूच्या दोन्ही पत्र्यांना आणि वरच्या झाकणाला आतून लावलं, पाण्याच्या टाकीत नाही. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापूनही हे होतं, पण मग ती दोन्ही बाजूंनी चिकटवावी लागते आणि चिकटवायचा पदार्थ फोमच्या टेपसारखा लुसलुशीत असून चालत नाही.

आता झाकणावर टकटक केलं तर लाकडावर केल्यासारखा आवाज येतो. १०० हर्ट्झचं शिखर आहे, पण बुटकं, आणि दार लावल्यावर ऐकू येत नाही. २३ चं अजून तसंच आहे, कारण पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे आणि ते सरळ करायला पंखा पूर्ण खोलावा लागतो. पाट आणि वरवंटा स्वयंपाकघरात परत गेले.